फ्रेमबाहेरची शीतल

खरं सांगायचं तर या ग्रुपवर मी आलो तो टवाळी करायला. अमावस्या, विहीर, मागून आलेली हाक... इथले अनुभव मी जेवताना मोठ्याने वाचायचो आणि मी आणि बायको, दोघं हसायचो. त्यात माझा धंदा फोटोचा. "फोटोत काहीतरी आलंय हो" म्हणत घाबरलेली माणसं माझ्याकडे येतात, आणि मी त्यांना समजावून सांगतो — ही लेन्सवरची धूळ, हा फ्लॅशचा उजेड, हा तुमच्याच मामाचा हललेला हात. कुणाचं भूत मी आजवर दुकानातून बाहेर जाऊ दिलेलं नाही.

आज जे लिहितोय त्यात फोटोत काहीच आलेलं नाही. माझी अडचण तीच आहे.

मी विजय. जालन्यात मस्तगडला माझा छोटा स्टुडिओ आहे. आमचं घराणं मूळ राजस्थानातलं, आजोबांच्याही आधीपासून जालन्यात कापडाचा धंदा. सगळे भाऊ कापड फाडतात, मी एकटा कॅमेरा घेऊन बसलो. वडील अजूनही पाहुण्यांना ओळख करून देताना "हा आमचा मधला" एवढंच सांगतात, काय करतो ते सांगत नाहीत. लग्नं, साखरपुडे, पासपोर्ट फोटो... पोट चालतं. पण वर्षानुवर्षं हसणाऱ्या नवऱ्या मुलांचे फोटो काढून माणूस चिडका होतो, तसा मीही झालो होतो.

अशात एक दिवस नसीम मॅडम दुकानात आल्या. त्या दृष्टिहीन मुलांना शिकवायच्या, आता निवृत्त आहेत. त्यांनी काही वर्षांपूर्वी एक गट सुरू केला. उन्हाळा सोडून दर महिन्याच्या एका रविवारी डोळ्यांनी अधू माणसांना घेऊन डोंगर चढायला जायचं. प्रत्येकासोबत एक डोळस सोबती. भोकरदनच्या पुढे पिंपळगाव रेणुकाईला रेणुकेचं देऊळ आहे, तिथून थोडं आत गेलं की एक टेकडी लागते. नकाशात शोधाल तर नावही सापडणार नाही. वर चढायला सीताफळीच्या झुडपांतून दगडगोट्यांची वाट, आणि माथ्यावर चांगला लांबरुंद माळ. मॅडमना त्या चालण्याचे फोटो हवे होते. मी म्हणालो, "मॅडम, राग मानू नका, पण ज्यांना दिसत नाही त्यांचे फोटो कुणासाठी?"

मॅडम म्हणाल्या, "उन्हीके लिए. विजयभाई, तुमच्या लग्नाचा अल्बम तुम्ही रोज बघता का? तरी कपाटात पाहिजेच ना?"

मी गेलो आणि मग जातच राहिलो.

मॅडमचे दोन नियम होते, ते इथे सांगितले पाहिजेत. पहिला असा की फोटो नुसता पाठवायचा नाही. ज्याचा फोटो त्याला व्हॉट्सॲपवर फोटो टाकायचा आणि त्याखाली आपल्या आवाजात सांगायचं, यात काय दिसतंय ते. "फोटो दिला आणि सांगितला न्हाई, तर दिला कशाला?" असं त्यांचं म्हणणं. मी सोमवारी दुपारी, गिऱ्हाईक नसतं तेव्हा, स्टुडिओत कॉम्प्युटरवर एकेक फोटो उघडून बोलत बसायचो. "हा तुमचा चढावरचा. तुमचा शर्ट घामाने पाठीला चिकटलाय, डाव्या हाताने तुम्ही फांदी बाजूला करताय..." असं.

दुसरा नियम होता, सोबती फ्रेममध्ये नको. ही माणसं चालतात कशी, तर सोबत्याचं कोपर धरून, त्याच्या अर्धं पाऊल मागे. कोपर वर गेलं की चढ आला, खाली गेलं की उतार. पेपरात असले फोटो येतात त्यात नेहमी सोबतीच पुढे असतो, छाती काढून, आणि दृष्टिहीन माणूस त्याच्यामागे ओढून नेल्यासारखा. मॅडमना त्याची चीड होती. "बघणाऱ्याला दिसलं पाहिजे की माणूस चालून राह्यला. त्याला चालवून राह्यले असं न्हाई दिसलं पाहिजे." मला ते पटलं होतं, आजही पटतं. म्हणून मी एकतर अँगल तसा घ्यायचो, नाहीतर नंतर कापायचो. सोबत्याचं फोटोत फार तर कोपर उरायचं.

त्या गटात बदनापूरचे साहेबरावकाका होते. त्यांची पिठाची गिरणी. त्यांची नजर तरुणपणी आधी रात्रीची गेली, मग कडेकडेची, आणि मुलगी पाचवीत असताना सगळीच. तरी गिरणी त्यांनी सोडली नाही. पीठ चिमटीत धरून "अजून एक फेर पाहिजे" म्हणायचे. अंगाला कायम ज्वारीच्या पिठाचा वास. मला 'फोटोवाले शेठ' म्हणायचे, आणि मी जरा चिडलो की जास्तच म्हणायचे. "शेठ, मी आज गोरा आलो का फोटोत? पीठ लावूनच आलो ना." असं काहीबाही चालायचं.

त्यांची सोबती म्हणजे त्यांची मुलगी शीतल. एकुलती एक. बदनापूरहून रेल्वेने जालन्याला कॉलेजला यायची, शिक्षण झाल्यावर जालन्यातच एका बियाणाच्या कंपनीत लागली होती. दोन वर्षं मी त्या दोघांना महिन्याच्या महिन्याला पाहिलं. पाहिलं म्हणजे काय, तर काकांना पाहिलं. शीतलला मी सारखा बाजूला सारत होतो. "शीतल, अजून थोडी डावीकडे. अजून. बास." ती हसून सरकायची. एकदा म्हणाली, "दादा, माझ्या कोपराचे तरी पैसे द्या आता, मॉडेलिंग करून राह्यले मी."

मागच्या पावसाळ्याच्या शेवटी तिला ताप आला. साधाच वाटला, मग उतरेना, मग पेशी कमी झाल्या म्हणाले. तिला संभाजीनगरला नेलं. तिथे सगळ्यांनी सगळं केलं, पण ती राहिली नाही.

तेरावं झाल्यावर मी आणि नसीम मॅडम बदनापूरला गेलो. गिरणी बंद होती, पट्टा उतरवून ठेवलेला. मॅडम आत काकूंजवळ बसल्या आणि मी ओट्यावर काकांजवळ. मला असल्या वेळी बोलता येत नाही, मी नुसता घसा खाकरतो. त्यावरून त्यांनी मला ओळखलं.

"शेठ, तिचा आणि माझा एक फोटो द्या. टेकडीवरचा. घरात तिचे फोटो हायेत, पण त्यात मी न्हाई."

काय सांगणार होतो? घरी येऊन मी दोन वर्षांचे सगळे फोटो काढून बसलो. कापलेले, न कापलेले, सगळे. कोपर होतं. ओढणीचं टोक होतं. एका ठिकाणी नुसती सावली होती. चेहरा एकाही फोटोत नव्हता. मी आपलं काम इतकं नीट केलं होतं. पण ते नंतरचं, त्या वेळी ओट्यावर मी त्यांना मॅडमचा नियम सांगितला आणि म्हणालो, काका, सापडणं अवघड आहे.

ते रागावले नाहीत. "म्हंजे सगळ्यात मी एकलाच," एवढंच म्हणाले. मग आतल्या बाजूला कान देऊन, काकू जवळपास नाहीत याची खात्री करून, हळू आवाजात म्हणाले, "मंग एक सांगा. तुम्ही बघत होता आमच्याकडं. माझ्यासंगं चालताना तिचा चेहरा कसा असायचा?"

"कसा म्हणजे?"

"दहाव्याला माझी बहीण बोलली. मी झोपलो असं वाटलं तिला. पोरीचं सगळं आयुष्य बापाला धरून हिंडण्यात गेलं, म्हणली. पुण्याचं स्थळ आल्तं, चांगलं होतं, शीतल न्हाई म्हणली. मला म्हणली, पोरगा आवडला न्हाई. आता मला काय माहीत खरं काय ते. आवाज हसरा होता तिचा, कायम. पण शेठ, आवाज सांभाळता येतो माणसाला. चेहरा कोण सांभाळतं आमच्यासमोर? जे खरं असंल ते चेहऱ्यावरच असंल ना. कटाळा असंल, दमली असंल... जे असंल ते सांगा. चांगलं वाटावं म्हणून सांगू नका, मला आवाजात कळतं."

आणि मला आठवेना. देवाशपथ आठवेना. तिचा हसून सरकणारा चेहरा आठवत होता, पण तो माझ्याकडे पाहतानाचा. वडिलांसोबत चालतानाचा नाही, कारण त्या वेळी मी तिला फ्रेमबाहेर ठेवण्याच्या खटाटोपात असायचो. मी म्हणालो, "काका, मी तिच्याकडे बघितलंच नाही. मला माहीत नाही."

त्यांनी मान हलवली. परतताना गाडीत मॅडम रडत होत्या आणि मी गाडी चालवत होतो. आयुष्यात इतकं नालायक मला कधी वाटलं नव्हतं.

थंडी सुरू झाल्यावर काका पुन्हा यायला लागले. मॅडमनीच आग्रह केला. त्यांना नवा सोबती मिळाला, बँकेतले एक जोशी म्हणून होते, माणूस सज्जन पण बोलघेवडा. पहिल्या फेरीला जोशी त्यांना आजूबाजूचं सगळं वर्णन करून सांगत होते, तुरीला शेंगा आल्यात, कापूस वेचायला बाया वाकल्यात, आणि काका नुसते "हां, हां" करत होते.

वर माळावर पोचल्यावर आमची नेहमीची पद्धत म्हणजे सगळे वाऱ्याला बसतात, चिवडा-गुळपोळी निघते, आणि मी मॅडमबरोबर पुढे पलीकडच्या कडेला जातो, उतरतानाच्या फोटोंची जागा ठरवायला. त्या दिवशीही गेलो. मागे वळून पाहिलं तर जोशी कुणाचा तरी बूट बांधून देत खाली बसलेले, आणि काका माळावरून एकटेच चालत येत होते. सपाट जागा, धोका काही नव्हता. काठी मनगटाला लटकवलेली, उजवा हात कोपरात वाकवून जरासा बाहेर काढलेला, आणि पाऊल नेहमीपेक्षा हळू. सकाळचं ऊन होतं. मी लांबची लेन्स लावून दोन-चार फोटो घेतले. एवढंच. मला काही वेगळं वाटलं नाही, अंगावर काटा आला नाही, कुत्रं रडलं नाही. असल्या गोष्टींत जे जे होतं त्यातलं काहीही झालं नाही.

सोमवारी दुपारी स्टुडिओत बसून नेहमीसारखं सगळ्यांना फोटो पाठवले आणि बोललो. माझी बायको जया जेवणाचा डबा घेऊन आली होती, ती शेजारी बसून पासपोर्ट फोटो कापत होती. काकांचे फोटो झाले, बाकीच्यांचे झाले, आम्ही जेवलो. नंतर एका बारशाचं गिऱ्हाईक आलं, त्यात दुपार गेली.

दिवेलागणीला काकांचा फोन आला. मागे गिरणीचा आवाज नव्हता, म्हणजे बंद करून बसले होते.

"शेठ, तो माळावरचा फोटो परत सांगता का?"

"काका, पाठवलंय ना बोलून. पुन्हा लावा की."

"ते लई बार लावलं. आता तुम्ही फोटो उघडा अन् बघून सांगा."

कॉम्प्युटर चालूच होता. फोटो उघडला आणि सांगायला लागलो. तुम्ही माळावरून चालताय, पांढरा शर्ट, वर ते करडं स्वेटर, काठी मनगटाला, उजवा हात वाकवलेला, मागे पिवळं गवत, लांब एक बाभूळ.

"अन् ती?"

"कोण ती?"

ते म्हणाले, "तुमचं तुम्हीच ऐका. मंग मला फोन करा."

मी फोन ठेवला आणि मोबाईलवर माझाच आवाज लावला. माझाच होता. मागे जयाच्या कात्रीचा आवाज, रस्त्यावर कुणाचा तरी हॉर्न. आठवेल तसं लिहीत नाही, समोर लावून ऐकून लिहितोय —

"काका, हा वरच्या माळावरचा. तुम्ही चालत येताय... चेहऱ्यावर ऊन आहे. उजवा हात बाहेर काढलाय तुम्ही, आणि शीतलने... तुमचं कोपर धरलंय तिने. ती तुमच्या अर्धं पाऊल मागे आहे. एका हातात चपला आहेत तिच्या, अनवाणी आहे. आणि डोळे मिटलेत. म्हणजे... घट्ट नाही मिटलेले, झोपेत असतात तसे. मान जरा वर, उन्हाकडे. हसू आलंय तिला, आवाज न करता हसतात तसं. छान आलाय हा."

छान आलाय हा. हे मी म्हणालो होतो. मेलेल्या मुलीचं नाव घेऊन, इतक्या सहज, जणू दर महिन्यासारखी ती आली होती. आणि मला यातला एक शब्द बोलल्याचं आठवत नव्हतं. अजून आठवत नाही.

मी पुन्हा फोटो पाहिला. मोठा करून, उजळ करून, कोपरा न् कोपरा. काकांच्या मागे गवत होतं, बाकी काही नाही. सावलीसुद्धा एकच. आधीचा-नंतरचा फोटो पाहिला. तेच. मग फोन लावला.

"काका, मला माफ करा. मी असं का बोललो मला ठाऊक नाही. फोटोत कुणी नाही. तुम्ही एकटे आहात."

"चपलाचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. काय आहे चपलांचं?"

मग त्यांनी सांगितलं. आम्ही सगळे वर चिवडा खात बसायचो आणि मी पुढे निघून जायचो, तेव्हा हे दोघं बापलेक मागे रेंगाळायचे. माळावर शीतल चपला काढायची. आणि दोघांची अदलाबदल व्हायची. ती डोळे मिटायची, काकांचं कोपर धरायची, आणि काका तिला चालवायचे. माळ त्यांच्या पायांना पाठ झाला होता. "पप्पा, आता तुम्ही सोबती," म्हणायची. मॅडमना कळलं तर ओरडतील म्हणून कुणाला सांगायचं नाही असं ठरलेलं. काकूंनासुद्धा माहीत नव्हतं.

"काल जोशीसाहेबाचं लक्ष न्हाई बघून मी हात काढला अन् चाललो," ते म्हणाले. "सवयीनं. बाकी काही न्हाई. मला काही जाणवलं बी न्हाई, शेठ. हाताला काही लागलं न्हाई. खोटं कशाला बोलू."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मला कायम वाटायचं, ही डोळे मिटत नसंल. बापाला बरं वाटावं म्हणून म्हणत असंल, मिटले मिटले. उघड्या डोळ्यानं खाली बघून चालत असंल. कोण मिटंल हो, आंधळ्याच्या भरवशावर? एकदा मी मुद्दाम दगडाच्या बाजूनं नेलं तिला. ती अडखळली, पडता पडता राह्यली. तरी मला वाटलं, नाटक करून राह्यली." त्यांचा आवाज फुटला. "आता सांगा. मिटलेले होते?"

हा प्रश्न मला कुणीही, कधीही विचारू नये. समोर स्क्रीनवर गवत होतं. हो म्हणालो तर ते खोटं, आणि त्यांना आवाजात कळलं असतं. नाही म्हणालो तर... नाही तरी कशाला म्हणू? कुणाचे डोळे?

मी म्हणालो, "काका, मला फोटोत कुणी दिसत नाही. मी खरं सांगतोय."

"ते कळून राह्यलं. तुम्ही बघून बोलताय. आता बी बघूनच बोलताय." नाक पुसल्याचा आवाज आला. "पण दुपारी बी तुम्ही बघूनच बोलत होता. दोन वर्सं झाली तुमचा आवाज ऐकून राह्यलो मी. बघून सांगता तवा तुम्ही मधीच थांबता, शोधता, मंग बोलता. पाठ केल्यावानी न्हाई बोलत. दुपारी तुम्ही तसंच थांबला. तिचे डोळे सांगायच्या आधी थांबला. मंग म्हणले, झोपेत असतात तसे."

"हो," मी म्हणालो. ते खरं होतं. मी नुकतंच ऐकलं होतं.

"मंग बराबर हाये. दुपारी होती. आता न्हाई."

त्यानंतर ते रडले. मीही रडलो, दुकानाचं शटर अर्धं ओढून. काका मधूनमधून एकच म्हणत होते, "मिटून चालत होती पोरगी... मिटून चालत होती." फोन कुणी ठेवला तेही मला आठवत नाही.

आता तुम्ही जे म्हणणार ते सगळं मी स्वतःला म्हणून झालंय. मनावर ताण होता, काकांचा प्रश्न डोक्यात घोळत होता, त्यातून तोंडून निघून गेलं. मान्य. मी स्वतः गिऱ्हाइकांना असंच सांगत आलोय. पण चपला कुठून आल्या? अदलाबदल कुठून आली? दुसऱ्याचं कोपर धरणारी डोळस मुलगी माझ्या डोक्यात कशी येईल, मी तर दोन वर्षं उलटंच पाहत होतो.

जयाला विचारलं. ती म्हणाली, तू बोलत होतास ते ऐकलं मी, डोळे मिटून हसतेय वगैरे. मला वाटलं नवीन कुणी मुलगी येत असेल. तुझा आवाज एकदम मऊ झाला होता म्हणून मी वर बघितलं, तर तू स्क्रीनवर बोट ठेवून बसला होतास. कुठे? मी विचारलं. तिने दाखवलं. काकांच्या मागे, जिथे गवत आहे तिथे. माझ्या बोटाचा तेलकट ठसा काचेवर तसाच होता.

बाहेरच्यांत फक्त नसीम मॅडमना सांगितलं. सोबती फ्रेममध्ये नको, या नियमाबद्दल त्या म्हणाल्या, "माझाच कायदा होता, विजयभाई. पण मी काय करणार होते, चांगल्यासाठीच केल्ता." मी म्हणालो, मॅडम, नियम चांगलाच आहे. खरंच चांगला आहे. त्या दिवशी आम्ही दोघांनी चहा पूर्ण थंड करून प्यायला.

हे काय होतं, मला माहीत नाही. मी अजूनही अमावस्येला घाबरत नाही, तुमच्यातल्या निम्म्या अनुभवांवर अजूनही विश्वास ठेवत नाही, रागावू नका. पण हसायचं मात्र बंद केलंय. तो आवाज माझ्या फोनमध्ये आहे. काकांच्याही आहे. काकूंना त्यांनी ऐकवला का ते मी विचारलेलं नाही.

मागच्या फेरीला मी मॅडमना सांगून टाकलं की माळावर काकांना थोडा वेळ एकटं चालू द्या. जोशींनाही सांगितलं, का ते सांगितलं नाही, आणि त्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा काही विचारलं नाही. काका हात वाकवून, बाहेर काढून, सावकाश चालले. वाटेत एक दगड होता, तो त्यांनी आधीच ओळखून लांबून वळसा घातला, मागच्याला लागू नये असा.

मी फोटो काढला. या वेळी त्यांना फ्रेमच्या मधोमध घेतलं नाही, मागे बरीच जागा सोडली.

सोमवारी बोलायला बसलो तेव्हा आधी कितीतरी वेळ नुसता फोटो बघत राहिलो. दिसावं असं वाटत होतं, हे मी कबूल करतो. नाही दिसलं. मग जे होतं ते सांगितलं. काका, हा माळावरचा. ऊन आहे. तुमचा हात बाहेर आहे. मागे कुणी नाही. मागे जागा जरा जास्तच सुटलीय, हवी असेल तर कापून देतो.

थोड्या वेळाने त्यांचा आवाज आला. मागे गिरणी चालू होती, त्यामुळे दोनदा ऐकावं लागलं.

"राहू द्या शेठ. कापू नका."